चंदन: वास झाडाला नाही, गाभ्याला

चंदनाचं झाड तुमच्या सोसायटीच्या आवारात उभं असलं तरी नाकाला त्याचा पत्ता लागणार नाही. पानं चुरडा, साल खरवडा, फांदी मोडून हुंगा. कुठल्याही हिरव्या पाल्याला येतो तेवढाच वास येईल. सुगंधाला भुलून साप खोडाला विळखा घालतात ही कविकल्पना आहे. सापाला तिथे हुंगण्यासारखं काही नसतंच. चंदनाचा जो काही सुगंध आहे तो खोडाच्या आणि मुळांच्या आतल्या गाभ्यात असतो, आणि तोही झाडाचं वय झाल्यावर. चंदन इतकं महाग का, ते तोडण्याऐवजी मुळासकट का उपटतात, आजीच्या काळातलं खोड आजही सहाणेवर का दरवळतं, त्यावर इतकं बारीक कोरीवकाम कसं होतं आणि बाजारात गिऱ्हाईक नेमकं कुठे फसतं, हे सगळे प्रश्न फिरून त्या गाभ्यापाशीच येतात.

मुंबईकराला झाड ओळखता आलं नाही तरी लाकूड चांगलं ठाऊक असतं. भुलेश्वरला पूजेच्या सामानात खोड मिळतं. अग्यारीच्या बाहेर सुखड विकायला असते. पारशी मंडळी चंदनाला सुखड म्हणतात आणि आत जाताना अग्नीसाठी तिची काठी घेऊन जातात. देशात एकूण आठ आतश बेहराम, म्हणजे पारशांची सर्वोच्च दर्जाची अग्निमंदिरं, त्यांतली चार मुंबईत आहेत: दादीशेठ (१७८३), वाडियाजी (१८३०), बनाजी (१८४५) आणि अंजुमन (१८९७). तिथल्या अग्नीला दिवसातून पाच वेळा विधिपूर्वक लाकूड अर्पण होतं. म्हणजे या शहराची चंदनाची मागणी गेल्या सव्वादोनशे वर्षांत एक दिवसही थांबलेली नाही. चंदनाच्या जोडीला तिथे बाभूळही जळते. बाभळीचा विषय पुन्हा येणार आहे.

आधी गाभा म्हणजे काय ते पाहू. बऱ्याच मोठ्या झाडांचं खोड आडवं कापलं की दोन रंग दिसतात. सालीला लागून फिकट पट्टा असतो. तो जिवंत असतो आणि मुळांकडचं पाणी त्यातून वर चढतं. त्याच्या आत गडद भाग असतो, तो गाभा. झाड जाड होत गेलं की आतल्या जुन्या पेशींचं काम संपतं. मरण्यापूर्वी त्या आपल्याकडे साठवलेल्या अन्नाचं रूपांतर निरनिराळ्या रसायनांत करतात, आणि ही रसायनं लाकडात मुरून राहतात. बुरशी आणि किडे यांच्यापासून संरक्षण हा त्यांचा झाडाला होणारा उपयोग. सागाचा टिकाऊपणा यातूनच येतो, शिसवीचा काळपट जांभळा रंग यातूनच येतो. चंदनाच्या झाडात या रसायनांचा मोठा भाग म्हणजे सँटॅलॉल नावाचं तेलकट द्रव्य, आणि आपण ज्याला चंदनाचा वास म्हणतो तो मुख्यतः याचा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार चांगल्या भारतीय चंदनतेलात अल्फा सँटॅलॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा सँटॅलॉल १६ ते २४ टक्के असावं लागतं.

बाहेरचा पांढरा पट्टा मात्र वासाच्या दृष्टीने कोराच. त्याला वाळवीही आनंदाने खाते, गाभ्याच्या वाटेला मात्र सहसा जात नाही.

गाभा धरायला साधारण १० ते १५ वर्षं लागतात. त्याआधी झाड कितीही टवटवीत दिसो, आत विकण्याजोगं काही नसतं. चांगला भरलेला गाभा हवा तर ३० वर्षं किंवा त्याहून जास्त थांबावं लागतं. शिवाय एकाच दिवशी लावलेल्या दोन झाडांत गाभा सारखा भरेल याची खात्री नाही. हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून पुण्यासारख्या शहरात बंगल्यांच्या आवारातली झाडं हेरणारे चोर आधी खोडाला गिरमिटाने भोक पाडतात. भुगा पांढरा आला तर झाड वाचतं, पिवळसर आणि वासाचा आला तर रात्रीतून जातं. तेल सर्वांत जास्त असतं मुळांत, आणि वर शेंड्याकडे जावं तसं कमी होत जातं. म्हणून सरकारी खात्याची माणसंसुद्धा चंदन बुंध्यापाशी कापत नाहीत, मुळासकट खणून काढतात. सागाच्या मुळाची कोण पर्वा करतो? चंदनाचं मूळ सोडलं तर मालातला सर्वांत दमदार भाग मातीत राहिला म्हणायचं.

आता वास टिकतो कसा ते. कापराची वडी उघडी ठेवली की काही दिवसांत निम्मी होते, कारण कापूर साध्या हवेतच वायू होऊन उडून जातो. सँटॅलॉलचा रेणू त्याच्यापेक्षा जड आहे आणि तो उकळायला ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. त्यामुळे साध्या हवेत तो अगदी कंजूषपणे, थोडा थोडा सुटतो. एखाद्या जुन्या चंदनी डब्याचा वास गेला असं वाटतं, तेव्हा गेलेलं असतं ते पृष्ठभागावरचं तेल. खालचं तिथेच असतं. बारीक पॉलिश पेपर एकदा हलक्या हाताने फिरवला की वास परत येतो. सहाणेवर खोड घासताना आपण हेच करत असतो: प्रत्येक घासणीला नवा पृष्ठभाग उघडा पाडायचा. कनौजचे अत्तरवाले याच गुणावर जगत आले. गुलाब किंवा मोगऱ्याची वाफ ते चंदनतेलात उतरवतात, कारण फुलाचा उडता वास ते तेल धरून ठेवतं.

लाकूडकाम करणाऱ्याच्या हातात चंदन येतं तेव्हा वासाआधी जाणवतं ते वजन. गाभ्याची घनता घनमीटरला ९०० किलोच्या आसपास. सागाची साधारण ६५०. म्हणजे साग हाताळलेल्या सुताराला चंदनाचा तेवढाच तुकडा फसवा वाटतो, दिसतो लहान आणि भरतो जड. दुसरी गोष्ट पोत. सागाची फळी नीट पाहिली तर छिद्रांच्या ओळी डोळ्यांना दिसतात. रंधा मारून झाल्यावरही बोट फिरवलं की त्या लागतात, आणि आरशासारखं पॉलिश हवं असेल तर त्या आधी बुजवाव्या लागतात. चंदनाची छिद्रं इतकी सूक्ष्म आणि सगळीकडे इतकी सारखी पसरलेली की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. रेषा बहुधा सरळ, कधी किंचित लहरी. पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला की हस्तिदंतासारखा लागतो.

कोरीवकामाला हेच हवं असतं. जाड रेषेच्या लाकडात पटाशी मऊ पट्ट्यातून कडक पट्ट्यात गेली की धक्का बसतो, कडा तुटते, देवाच्या बोटाचा टवका उडतो. चंदनात मऊ आणि कडक असा भेद जवळपास नाही. तांदळाएवढ्या बोटाला नख कोरता येतं आणि ते तुटत नाही. हत्याराला धार मात्र कायम लागते. बोथट पटाशी या लाकडात कापत नाही, चिरडते, आणि चिरडलेली जागा पॉलिशखाली डाग होऊन दिसते.

कर्नाटकातल्या सागर, सोरब, शिरसी, कुमठा या भागांतले गुडीगार हे या कामातले पिढीजात कारागीर. कुमठा-शिरसीचा उत्तर कन्नड जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि राज्यपुनर्रचना होईपर्यंत मुंबईचाच होता. म्हणजे चंदनी कोरीवकाम ही त्या काळी मुंबईच्या दृष्टीने परराज्यातली वस्तू नव्हती.

खास मुंबईच्या नावावर चढलेलं चंदनकाम वेगळं आहे. एकोणिसाव्या शतकात इथून विलायतेला गेलेल्या जडावाच्या डब्यांना तिकडे ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणत. दागिन्यांचे, पत्रांचे, शिवणकामाचे डबे. मूळ सांगाडा बहुतेक वेळा चंदनाचा आणि वरून बारीक तारकांची, षटकोनांची नक्षी. या कामाला सादेली म्हणतात. ही कला इराणच्या शिराझकडून सिंधमार्गे सुरत आणि मुंबईला आली असं मानलं जातं, आणि इथले बरेच कारागीर पारशी होते.

सादेलीची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. इतके बारीक तुकडे एकेक करून कोणी चिकटवत नसे. हस्तिदंत, रंगवलेलं हस्तिदंत, आबनूस, पतंग नावाच्या झाडाचं लाल लाकूड, शिंग, कथलाची तार या सगळ्यांच्या लांब बारीक काड्या करायच्या, त्रिकोणी, चौकटी, हव्या त्या आकाराच्या. त्या नक्षीप्रमाणे एकत्र बांधून सरसाने पक्क्या चिकटवायच्या. मग ती जुडी आडवी, पातळ पातळ कापायची. प्रत्येक चकतीवर पूर्ण नक्षी तयार मिळते. एका जुडीतून पुष्कळ चकत्या निघतात आणि त्या डब्यावर शेजारी शेजारी बसवल्या की पट्टा तयार.

पण यात एक मेख आहे. हस्तिदंत, कथील आणि तीन जातींची लाकडं मुंबईच्या पावसाळ्यात एकाच मापाने फुगत नाहीत. खालची पाटी जर जून महिन्यात फुगून ऑक्टोबरात आक्रसणारी असेल तर वरच्या चकत्या उडायला वेळ लागणार नाही. पावसाळ्यात मुंबईत कोणाच्या ना कोणाच्या घरी दरवाजा चौकटीत अडकतोच. चंदन सुकताना फार कमी आकसतं आणि नीट सुकल्यावर फारसं हलत नाही. सांगाड्यासाठी त्याची निवड वासामुळे आणि प्रतिष्ठेमुळे झाली असेलच, पण माझ्या मते हा गुणही कारागिरांनी हेरलेला असणार. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, जे १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून लोकांना खुलं झालं, त्या शतकातलं लाकूड-हस्तिदंताचं काम पाहायला मिळतं. काचेला नाक लावून बघावं असं ते आहे.

चंदनाचं कपाट किंवा टेबल का दिसत नाही, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. किंमत हे एक कारण झालं, पण झाडच मुळात लहान चणीचं आहे. उंची फार तर ४०-५० फूट, आणि त्या खोडातून पांढरा भाग तासून टाकल्यावर उरणारा गाभा आणखी बारीक. रुंद फळी निघणार कुठून? म्हणून चंदनाच्या वस्तू हाताच्या मापाच्या राहिल्या: डबे, मूर्ती, पंखे, फण्या, कातारी लोकांनी कातलेले मणी आणि जपमाळा.

व्यापारातही चंदन फळीने मोजत नाहीत. सरकारी आगारांत गाभ्याच्या तब्बल १८ प्रती लावण्याची जुनी पद्धत आहे. सर्वांत वर ‘विलायत बुद’, निर्दोष ओंडका, एकेक किमान ९ किलोचा. त्याखाली ‘चायना बुद’, साडेचार किलोपासून पुढे. मग ‘पंजम’. पुढे पोकळ तुकडे, मुळं, ढलप्या असं करत यादी शेवटी भुशावर येते. आरीखाली पडलेला भुसासुद्धा झाडून गोळा करतात, तोलतात, विकतात. उदबत्तीला तोच लागतो. कोरीवकामाला वरच्या प्रतीचे सलग ओंडके लागतात. तेल काढणाऱ्याला ढलपी चालते, कारण त्याला शेवटी चुराच करायचा असतो.

आणि आता ती बाभूळ. संतांच्या अभंगांत चंदनाच्या संगतीने बोरी-बाभळीसुद्धा चंदन होतात. जमिनीखाली मात्र उलटा व्यवहार चालू असतो. चंदन अर्धपरजीवी आहे. पानं हिरवी असल्यामुळे साखर ते स्वतः बनवतं, पण पाणी आणि खनिजं पुरेशी मिळवण्यासाठी त्याची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटतात आणि तिथून ओढून घेतात. बाभूळ, सुरू, करंज, शिरीष, लहानपणी तूर, असा कोणीतरी यजमान त्याला लागतोच. एकटं लावलेलं रोप खुरटतं. महाराष्ट्रात शेतकऱ्यांना ‘एकरी कोटी’ची स्वप्नं विकणाऱ्या जाहिराती अधूनमधून दिसतात. त्यांत यजमान झाडाचा उल्लेख आहे का, आणि गाभ्याला लागणारी वर्षं किती धरली आहेत, एवढ्या दोन गोष्टी आधी बघाव्यात. रोपांची संख्या गुणिले किलोचा भाव हे गणित कागदावर कोणालाही जमतं. चंदनाला पाणथळ जमीन मानवत नाही हेही कोकणातल्यांनी लक्षात ठेवावं.

टंचाई का झाली याची गोष्ट मोठी आहे, थोडक्यात सांगतो. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष, म्हणजे राज्याच्या मालकीचं झाड, ठरवलं. पुढे म्हैसूर संस्थानाने ती मालकी कायम ठेवली, आणि १९१६ मध्ये चंदनतेल व साबणाच्या सरकारी उद्योगाला सुरुवात झाली. स्वतःच्या जमिनीतलं झाडही आपलं नाही म्हटल्यावर ते लावणार कोण? कर्नाटकाने २००१ मध्ये आणि तमिळनाडूने २००२ मध्ये कायदा बदलून झाडाची मालकी जमीनधारकाला दिली, पण तोवर जंगलं रिकामी होत आली होती. त्यात रोग. १८९९ मध्ये कोडगूत प्रथम नोंदलेल्या ‘स्पाइक’ रोगात पानं आखूड होऊन झुपक्याने येतात आणि काही वर्षांत झाड मरतं. यावर खात्रीचा उपाय अजून हाती नाही. महाराष्ट्रात चंदन वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहे. तुमच्या अंगणातलं झाड तुमचं असलं तरी परवानगीवाचून तोडता येत नाही.

माल कमी आणि गिऱ्हाईक तेवढंच, म्हटल्यावर नकली आलंच. सर्वांत मोठा घोळ रक्तचंदनाचा. न्हावाशेवा बंदरात कंटेनर पकडला की बातमीत ‘चंदन’ म्हणतात, पण रक्तचंदन ही आंध्रातल्या शेषाचलम परिसरातली, शेंगांच्या कुळातली निराळीच जात. तिच्यात लाल रंग आहे, चंदनाचा वास नाही. दोघांचं नातं फक्त नावापुरतं. दुसरा प्रकार सख्ख्या-चुलत भावंडांचा. पश्चिम ऑस्ट्रेलियाचं रानटी चंदन याच कुळातलं, पण त्यात सँटॅलॉल कमी आणि वास जरा कोरडा. पूर्व आफ्रिकेचं तथाकथित चंदन ऑसिरिस या वेगळ्या प्रजातीचं. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला आता आपल्याच जातीच्या चंदनाची मोठी लागवड आहे, म्हणजे परदेशी म्हणून वाईट असंही नाही. तिसरा प्रकार शुद्ध लबाडीचा: चंदनाचंच बाहेरचं पांढरं लाकूड, किंवा दुसरंच कुठलं तरी पांढरट बारीक पोताचं लाकूड, वरून वास चोळलेलं.

ओळखायचं कसं? मूर्तीच्या बुडाला, दिसणार नाही अशा जागी, ब्लेडने एक पातळ पापुद्रा काढायची परवानगी मागा. वरून लावलेला वास पापुद्र्याबरोबर जातो. खरा गाभा खरवडल्यावर जास्त वास देतो. रंग पिवळसर ते तपकिरी हवा, शुभ्र नको. पहिल्या क्षणी नाकात घुसणारा, डोकं धरणारा वास आला तर मी वस्तू खाली ठेवतो. गाभ्याचा वास दुधट, मऊ असतो, आणि तो जवळ नेल्यावरच कळतो. ‘पाण्यात बुडतं ते खरं’ ही कसोटी काहीजण सांगतात, तिला काही अर्थ नाही. घनता ९०० असलेलं लाकूड पाण्यावर तरंगणारच. आणि पावती घ्या. चंदनाच्या बाबतीत पावती हा तुमचा कायदेशीर आधार आहे. शक्य असेल तर कर्नाटक सरकारच्या एम्पोरियममधून घ्या.

ज्यांना हाताने काही करायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. खोडाचा तुकडा मिळाला तर लगेच कापू नका. हे लाकूड हळू सुकतं, आणि घाई केली तर टोकांकडून चिरतं. दोन्ही टोकांना मेण लावून सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवायचं. घासताना तेलामुळे पॉलिश पेपर लवकर गच्च होतो. दाबून घासण्याऐवजी कागद बदला, नाहीतर लाकूड तापून चकाकतं आणि त्यावर पुढे काही धरत नाही. जोड चिकटवण्याआधी दोन्ही तोंडं स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, कोरडी झाल्या झाल्या सरस लावायचा. थांबलात तर आतलं तेल पुन्हा वर येतं. मागे उरणारा भुसा कृपया झाडून कचऱ्यात टाकू नका, उदबत्ती करणारं कोणी ओळखीचं असेल तर ते आशीर्वाद देतील.

पॉलिशचा प्रश्न उरतो. लॅकर किंवा पीयू (पॉलियुरेथेन) मारलं की लाकूड चमकतं आणि वास बंद होतो, कारण त्या थरातून तेल बाहेर येऊ शकत नाही. मग चंदन कशाला घेतलं? बाहेरून फार तर मधमाशीच्या मेणाचा हलका हात द्यावा. डब्याच्या आत काहीच लावू नये.

चोरबाजारात किंवा एखाद्या जुन्या घरात सादेलीचा डबा दिसला तर एक सावधगिरी. त्यातली पांढरी नक्षी हस्तिदंताची असेल तर आज आपल्याकडे त्याची खरेदी-विक्री बेकायदा आहे, डबा कितीही जुना असला तरी. घरातलाच वारशाचा असेल आणि चकत्या निघाल्या असतील तर त्या एका पाकिटात जपून ठेवा आणि बाजारातला झटपट चिकटवणारा गोंद लावू नका. जुनं काम प्राण्यांच्या सरसाचं आहे. तो कोमट पाण्याच्या ओलाव्याने सुटतो, त्यामुळे जाणकार माणूस चकती काढून, साफ करून पुन्हा बसवू शकतो. आधुनिक गोंद एकदा आत शिरला की पुढच्या दुरुस्तीला चकती फोडावी लागते.